दोन जेसीबी

वेळापत्रकात माझा तास पेन्सिलीने लिहिलेला असतो:
तिसरी ब, शनिवार, पाचवा तास, मातीकाम.
गणिताची चाचणी जवळ आली की पारधे सर येतात,
खोडरबर न घेताच,
दारात उभे राहून नुसते हसतात.
मी माती पुन्हा ओल्या गोणपाटात गुंडाळते.
मागच्या महिन्यात तीन शनिवार असेच गेले.

या शनिवारी सर रजेवर. मेव्हण्याचं लग्न, सोलापूरला.
देव त्या जोडप्याचं भलं करो.

माती केशवनगरच्या कुंभाराकडची.
स्कूटीवर पायाशी ठेवून आणते.
मगरपट्ट्याच्या सिग्नलला लोक वाकून बघतात,
एवढा चिखल घेऊन ही बाई निघाली कुठं.

सकाळी प्रार्थनेला नोहाची गोष्ट झाली होती,
म्हणून म्हटलं, तारवात चढवायचे प्राणी करा.
जोडीजोडीने.
बेचाळीस पोरं, आणि एकदम चिडीचूप.
नुसता मातीचा चपचप आवाज.

शेरॉन भिंगारदिवेची हत्तीण सोंडेवरच उभी राहिली,
पाय नंतर लावणार होती.
जुनैदच्या दोन गोगलगाई:
"ह्या कालच निघाल्यात बाई, वेळ लागतो त्यांना."
इराने डास केले. कुणी नावं ठेवली तर म्हणे,
सगळे म्हणजे सगळे.

शेवटच्या बाकावर अमोस लोंढे.
त्याचं काहीतरी चौकोनी, पुढे लांब मान,
मानेच्या टोकाला दात.
जिराफ का रे?
"जेसीबी."

वर्ग खो खो हसला. तो नाही हसला.
"पाणी गेल्यावर गाळ कोण काढणार?
आमच्याकडे ओढा आला ना,
तेव्हा पाणी एका रात्रीत गेलं.
गाळ अकरा दिवस होता.
कपाटात, पिठाच्या डब्यात, आत्याच्या शिलाई मशीनमध्ये.
मग जेसीबी आला. आम्ही टाळ्या वाजवल्या."

एवढं सांगून त्याने दुसरा गोळा घेतला.
"दोन लागतात ना?"
आणि मग, वर न बघता,
"तुम्ही ओहोळ, बाई. मी लोंढे.
आपल्याला माहीत पाहिजे."

लग्नापासून वीस वर्षं मी हे आडनाव सहीत ओढतेय.
त्यातलं पाणी मला कधी ऐकू आलं नव्हतं.

घरी येऊन गोष्ट पुन्हा वाचली.
कबुतर आहे, जैतुनाचं पान आहे, ढगातलं धनुष्य आहे.
जमीन मात्र एका ओळीत वाळते.
फावडं कुणाच्या हातात, काही लिहिलेलं नाही.

भरीव वस्तू भट्टीत फुटते.
म्हणून रात्री, भांडी झाल्यावर,
केसांतल्या पिनेने दोन्ही जेसीबी आतून पोखरले.
हे काम प्रगतिपुस्तकात कुठं बसतं?
'इतर विषय' असा एक रकाना आहे,
त्यात एकच अक्षर मावतं.
चक्रनारायणबाई म्हणतात, सगळ्यांना 'ब' द्या,
पालक भांडायला येत नाहीत.

कुंभाराने भट्टी उघडली तेव्हा
गोगलगाई शाबूत, डास शाबूत (एकाची सोंड गेली),
हत्तीण आता पायांवर.
जेसीबी एकच.
दुसऱ्याचे तुकडे मी रुमालात बांधून आणले.
काय सांगायचं, हे मुंढव्याच्या पुलापासून शाळेपर्यंत
ठरवत आले, आणि ठरलं नाही.

अमोसने रुमाल सोडला.
तुकडे मोजले. सात.
"एक पण चालेल," तो म्हणाला,
"जास्त दिवस लागतील फक्त."

तेवढ्यात दारात पारधे सर,
लग्नाचे पेढे हातात, चेहऱ्यावर तेच हसू.
पेढा मी घेतला.
गोणपाटाला हात लावला नाही.